कुत्र्याचे व्यक्तिचित्र : एक प्रस्तावना

ज्या मराठी घरांत कधी काळी ग्रामोफोन वाजला, त्या घरांना कुत्र्याचे एक उत्कृष्ट व्यक्तिचित्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या तबकड्यांवर कर्ण्याकडे तोंड करून बसलेला तो पांढरा कुत्रा. त्याचे नाव निपर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १८८४ साली जन्मलेला निपर १८९५ मध्ये गेला आणि त्यानंतर तीन-चार वर्षांनी फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने त्याचे हे चित्र रंगवले. आधी चित्रात नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीने चित्र घेताना त्या जागी तबकडीचे यंत्र रंगवून घेतले. यंत्र बदलले तरी चित्र बिघडले नाही. त्याचा जीव होता कुत्र्याच्या किंचित कललेल्या मानेत, कानोसा घेणाऱ्या कानात आणि त्याचे नाक व कर्ण्याचे तोंड यांच्यामध्ये सोडलेल्या थोड्याशा मोकळ्या जागेत.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. घरच्या कुत्र्याची शेकडो छायाचित्रे मोबाईलमध्ये साठलेली असतात, आणि तरीही ‘हा आमचा मोत्या’ म्हणून भिंतीवर लावावे असे त्यांत एकही सापडत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. ही प्रस्तावना मुख्यतः अशा वाचकांसाठी आहे. कुत्र्याचे व्यक्तिचित्र ही कलेची जुनी आणि समृद्ध शाखा आहे. तिचा स्वतःचा इतिहास आहे, तिचे स्वतःचे प्रश्न आहेत, आणि त्या प्रश्नांची उत्तरे महागड्या कॅमेऱ्याशिवायही शोधता येतात. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याला कोणताही एक कुत्रा टिपायचा नसून समोरचा हाच कुत्रा टिपायचा आहे, हे मनाशी ठरले की चौकटीविषयीचे बहुतेक निर्णय त्यातून आपोआप निघू लागतात.

आपल्या चित्रपरंपरेत कुत्रा नाही असे नाही. दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्रे असतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो. पण या चित्रांत तो दैवताच्या सोबतीला आलेला असतो. पाहणाऱ्याची नजर आधी देवाकडे जाते आणि मग सावकाश खाली उतरते. युरोपातही बराच काळ हेच होते. राजाच्या हाताशी, राणीच्या मांडीवर, शिकाऱ्याच्या पायांत कुत्रा असायचा. इटलीतल्या याकोपो बासानोने १५४८ च्या सुमारास झाडाच्या बुंध्याला बांधलेले दोन शिकारी कुत्रे रंगवले आणि त्या चित्रात माणूसच ठेवला नाही. केवळ कुत्र्यांसाठी काढलेल्या युरोपीय चित्रांमध्ये हे फार आरंभीचे मानले जाते. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. एक कुत्रा बसलेला, दुसरा उभा, दोघांचे स्वभाव निराळे. जवळपास पावणेपाच शतकांपूर्वीच्या त्या चित्रकारापुढचा आणि आज तुमच्यापुढचा प्रश्न एकच आहे : समोरचा हाच कुत्रा कसा टिपायचा?

एकोणिसाव्या शतकात एडविन लँडसीयर या इंग्रज चित्रकाराने त्या प्रश्नाचे एक फार परिणामकारक उत्तर दिले. १८३७ च्या त्याच्या एका चित्रात म्हातारा मेंढपाळ गेला आहे, खोलीत त्याची शवपेटी आहे आणि तिच्यावर मान टेकून त्याचा कुत्रा बसला आहे. जमिनीवर मेंढपाळाची काठी आणि टोपी पडलेली. खोलीत दुसरा माणूस नाही. कोणी रडत नाही, कोणी सांत्वन करायला आलेले नाही. चौकटीत काय ठेवायचे आणि काय बाहेर सोडायचे, हे शिकण्यासाठी वाचकांनी हे चित्र सावकाश पाहावे. काठी आणि टोपी काढून टाकली तर कुत्रा नुसता थकलेला वाटेल. त्या दोन वस्तूंमुळे तो एका विशिष्ट माणसाचा कुत्रा होतो. तुमच्या छायाचित्रातला गळपट्टा, अंगणातली त्याची ठरलेली फरशी, त्याने कुरतडलेली चप्पल यांना हेच काम करता येते, मात्र यांतले एखादेच घ्यावे.

छायाचित्रण आले तेव्हा कुत्र्यांची अडचणच झाली. सुरुवातीच्या काळात एका चित्राला बराच वेळ प्रकाश द्यावा लागे. माणसाला श्वास रोखून बसवता येई, कुत्र्याला नाही. अनेक जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत माणसे रेखीव आणि कुत्र्याच्या डोक्याच्या जागी नुसता धूसर डाग, असे दिसते ते त्यामुळे. छायाचित्रणाच्या काचा आणि फिल्म वेगवान झाल्या, कॅमेरा हातात मावू लागला, आणि मग या शाखेला खरा बहर आला.

त्यातले तीन छायाचित्रकार नवख्या वाचकाने आधी भेटावेत असे आहेत. पहिला एलियट अर्विट. त्याचे १९४६ चे न्यूयॉर्कमधले छायाचित्र प्रसिद्ध आहे : एका बाजूला स्त्रीची सँडल घातलेली पावले आणि शेजारी विणलेला स्वेटर घातलेला इवलासा चिवावा कुत्रा. बाईचा चेहरा चौकटीत नाहीच. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवल्यामुळे त्या एवढ्याशा जिवाला चौकटीत माणसाइतकीच प्रतिष्ठा मिळाली आहे, आणि त्याच्या जगात माणूस म्हणजे आधी पावले असतात, हेही आपल्याला उमगते. दुसरा विल्यम वेगमन. मॅन रे नावाच्या आपल्या वायमरानर कुत्र्याबरोबर त्याने १९७० च्या दशकात काम सुरू केले, आणि १९७९ पासून तो २० बाय २४ इंचांचे चित्र देणाऱ्या अवाढव्य पोलरॉइड कॅमेऱ्यावर काम करू लागला. त्याच्या चित्रांतली साधी पार्श्वभूमी, करड्या अंगावरचा मऊ प्रकाश आणि कुत्र्याचे गंभीर, शांत बसणे अभ्यासण्यासारखे आहे. तिसरा जपानचा दाइदो मोरियामा. १९७१ साली मिसावा गावात त्याने टिपलेला भटका कुत्रा मान वळवून आपल्याकडे पाहतो. चित्र खरबरीत, काळे-पांढरे, बेचैन करणारे आहे. कुत्र्याचे व्यक्तिचित्र गोडच असले पाहिजे, हा समज त्या एका नजरेत गळून पडतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सगळ्यात आधी उंची. आपण उभे राहून खाली कॅमेरा धरतो तेव्हा कुत्र्याचे कपाळ मोठे, पाय आखूड आणि पार्श्वभूमीला फरशी किंवा डांबर येते. हे चित्र वाईट का दिसते, तर ते कुत्र्याचे नसून आपल्या उंचीचे चित्र असते. खाली बसा, लहान कुत्रा असेल तर पोटावर झोपा, भिंग त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. इतर सारे नियम विसरलात तरी चालेल, पण हा पाळावा. याने निम्म्याहून अधिक छायाचित्रे सुधारतात, असे मी नि:शंकपणे म्हणेन.

एक उदाहरण जवळून पाहू. सकाळी सातची वेळ आहे. बंद बेकरीच्या पायरीवर बदामी रंगाचा एक गावठी कुत्रा बसला आहे. तुम्ही उभे असताना त्याच्या मागे गटाराचे झाकण आणि स्कूटरचे चाक दिसते. तुम्ही खाली बसता, तर ते दोन्ही जाते आणि दुकानाचे शटर येते. पण शटरच्या आडव्या रेघा नेमक्या त्याच्या कानांतून आरपार जातात. दोन पावले डावीकडे सरका. शटर चौकटीबाहेर गेले, आता मागे बेकरीची निळी भिंत आहे आणि बदामी अंग त्यावर स्वच्छ उठून दिसते. त्याच्या कानाच्या टोकाला एक छोटी खाच आहे. नसबंदी आणि लसीकरण करून ज्या कुत्र्याला पुन्हा त्याच्या जागी सोडले, त्याची ही खूण. कान चौकटीत पूर्ण येऊ द्या आणि ती खाच नंतर संगणकावर पुसू नका. त्या कुत्र्याच्या आयुष्यातली ती एक नोंद आहे. मग कॅमेरा डोळ्यापाशी धरून थांबा. दूधवाल्याची सायकल येईल, कुत्रा मान वळवील, कान टवकारील. तुम्ही फक्त तयार असायचे.

मान वळवली की नजरेचा प्रश्न येतो. कुत्रा ज्या दिशेला पाहतो त्या दिशेला चौकटीत मोकळी जागा सोडावी. नाक चौकटीच्या कडेला टेकले की पाहणाऱ्याला कोंडल्यासारखे वाटते. मात्र कुत्रा थेट भिंगात पाहत समोरासमोर बसला असेल, तर त्याला खुशाल मधोमध घ्यावे. चौकटीचे तीन भाग करून विषय बाजूला ठेवण्याचा नियम छायाचित्रणाच्या वर्गांत इतक्या वेळा सांगितला जातो, की चांगली समोरासमोरची चित्रेही उगाच तिरकी होतात. समोरून पाहणाऱ्या कुत्र्याचा चेहरा मुळात सममित असतो. त्या सममितीला मान द्यावा आणि डोळे तेवढे चौकटीच्या वरच्या भागात येतील असे पाहावे.

चौकटीच्या कडा हा नवख्यांचा दुबळा भाग असतो, कारण सगळे लक्ष चेहऱ्यावर असते. एका कानाचे टोक कापलेले, पुढचा एक पंजा अर्धा बाहेर, शेपटीचा शेंडा नाही, अशी चित्रे हलगर्जीची वाटतात. एक तर पंजांखाली थोडी जमीन ठेवून पूर्ण कुत्रा घ्यावा, नाही तर छातीपाशी ठामपणे थांबावे. सांध्यावर, म्हणजे पाय जिथे दुमडतो तिथे, चौकट कापू नये. पाय तुटल्यासारखा दिसतो.

कुत्र्याच्या ठेवणीवरूनही चौकट ठरते. दख्खनच्या पठारावर, महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांत कारवान जातीचे शिकारी कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना आश्रय दिला, म्हणून जगात ते मुधोळ हाउंड या नावाने ओळखले जातात; २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली त्यांतही तो आहे. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि उंच पाय ही त्याची ओळख. त्याचा केवळ चेहरा समोरून टिपला तर यातले काहीच हाती लागत नाही. त्याला बाजूने, उभा, आडव्या चौकटीत आणि मोकळ्या माळावर घ्यावे. उलट पग जातीच्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला समोरून, जवळून, उभ्या चौकटीत घेणे बरे. पाहणाऱ्याने आधी दोन मिनिटे कॅमेरा खाली ठेवून कुत्र्याची बाह्यरेषा नुसती न्याहाळावी, हा सल्ला मी आवर्जून देतो.

भिंग आणि अंतर यांबद्दल थोडे. मोबाईलचे रुंद भिंग नाकाजवळ नेले की नाक बटाट्याएवढे आणि कान मागे पडलेले दिसतात. दोष भिंगापेक्षा अंतराचा असतो. दीड-दोन मीटर मागे सरकावे आणि मोबाईलमधले दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारे भिंग वापरावे. मोठा कॅमेरा असेल तर ८५ मिलिमीटरचे भिंग या कामाला फार चांगले. पण एक सावधगिरी बाळगावी. लांब तोंडाच्या कुत्र्याच्या डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत १० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक अंतर असते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरच्या भिंगाने दीड मीटरवरून एफ/१.८ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र बरेच उघडे ठेवून टिपले, तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा पट्टा रेखीव येतो. डोळा स्वच्छ आणि नाक धुरकट. छिद्र लहान करून एफ/५.६ वर आणले तर हा पट्टा सुमारे १० सेंटिमीटर होतो. माणसाच्या चेहऱ्यासाठी शिकलेले आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. काहीही झाले तरी आपल्याकडचा, म्हणजे जवळचा डोळा रेखीव हवा. बसलेल्या कुत्र्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा २५० वा भाग पुरतो, खेळणाऱ्यासाठी १००० वा भाग किंवा त्याहून वेगवान ठेवावा.

प्रकाशाचा विषय मोठा आहे. इथे त्याची ओळखच करून देता येईल. पडवी, चाळीची गॅलरी, उघड्या दाराच्या आतली जागा, जिथे डोक्यावर छप्पर आणि समोर आकाश आहे, ती कुत्र्यासाठी उत्तम. आकाशाचे लहानसे प्रतिबिंब डोळ्यात उमटते आणि गडद तपकिरी डोळा जिवंत होतो. ते नसेल तर तोच डोळा काळा खड्डा दिसतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टाळावा. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. रात्री कमी उजेडात त्याला तो उपयोगी पडतो, पण समोरून फ्लॅश मारला की डोळे हिरवे-पिवळे चमकतात.

काळ्या कुत्र्याच्या मालकांची तक्रार असते की चित्रात तो राखाडी येतो, आणि पांढऱ्याच्या मालकांची की तो मळका दिसतो. दोन्हींचे कारण एकच. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते. काळा कुत्रा चौकट भरून असेल तर प्रकाश साधारण एका टप्प्याने कमी करावा, पांढऱ्यासाठी तेवढाच वाढवावा. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवून मग ते खाली किंवा वर सरकवले की हेच होते. काळ्या कुत्र्याला बाजूने येणारा प्रकाश द्यावा. केसांच्या लकाकीतून त्याचे आकार दिसू लागतात.

या शाखेतला सर्वांत नाजूक भाग मात्र तंत्राचा नाही. कुत्र्याला कॅमेरा म्हणजे काय ते ठाऊक नसते. त्याला एक मोठा काळा, न मिटणारा डोळा आपल्यावर रोखलेला दिसतो. तो अस्वस्थ झाला तर सांगतोही. तोंड फिरवतो, झोप आलेली नसता जांभई देतो, नाकावरून वारंवार जीभ फिरवतो, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसू लागते, शेपटी पायांत जाते. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक तुरिद रुगोस यांनी यांतल्या अनेक खुणांचे बारकाईने वर्णन करून त्या जगभरच्या कुत्रेप्रेमींना ओळखीच्या करून दिल्या. त्या दिसल्या की कॅमेरा खाली ठेवावा. तोंड उघडे आणि जीभ बाहेर म्हणजे कुत्रा हसतो आहे, असे आपण धरून चालतो. नागपूरच्या मे महिन्यात तो बहुधा उन्हाने धापा टाकत असतो. अशा दिवसांत सकाळी लवकर काम उरकावे, तापलेल्या फरशीवर त्याला बसवू नये, पाण्याचे भांडे शेजारी असावे. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत तर कॅमेरा बाहेरच काढू नये.

लक्ष वेधण्यासाठी आवाज काढायचा असेल तर त्याचाही क्रम आहे. नवखा माणूस आधी आवाज काढतो आणि मग घाईने चौकट जुळवतो. अनोळखी आवाजाला कुत्रा पहिल्या एक-दोन वेळांनाच मान कलती करून दाद देतो, नंतर त्याला त्याचे काही वाटत नाही. म्हणून चौकट, प्रकाश, फोकस सगळे आधी ठरवावे आणि आवाज शेवटी काढावा. अर्विट यासाठी भोंगा जवळ बाळगी आणि प्रसंगी स्वतः भुंकत असे. तुम्हाला चावीच्या जुडग्याचा आवाज किंवा कागदी पुडीची कुरकुर पुरेल.

नव्या तंत्राने काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. २०१९ पासून काही कॅमेरे प्राण्याचा डोळा स्वतःहून शोधून त्यावर फोकस धरू लागले, आणि धावत्या कुत्र्याचे काम करणाऱ्यांना ते वरदान ठरले. मोबाईलमधली पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय मात्र जपून वापरावी. कानावरचे केस आणि मिशा ती अनेकदा कापून टाकते. मागची भिंत लांब असेल अशी जागा निवडणे, हा त्याहून चांगला उपाय आहे.

वाचकांनी या विषयाकडे कसे यावे? माझ्या मते एकाच कुत्र्यापासून सुरुवात करावी आणि बराच काळ त्याच्याजवळच राहावे. घरचा असेल तर उत्तमच, नसेल तर गल्लीतला, रोज भेटणारा. आधी काही दिवस त्याला कॅमेरा नुसता हुंगू द्या. मग एकाच जागी, एकाच वेळी, एकाच भिंगाने त्याला टिपत राहा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला : कधी उंची, कधी अंतर, कधी पार्श्वभूमी. अधूनमधून वर सांगितलेली चित्रे पुन्हा पाहा. प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करणारी मंडळी तुमच्या ओळखीची असतील तर त्यांच्याकडच्या कुत्र्यांची छायाचित्रे काढून द्या. दत्तक घेणारे कुटुंब बहुतेक वेळा कुत्र्याला आधी छायाचित्रातच पाहते, आणि जाळीमागून काढलेल्या अंधुक चित्रात त्याचा स्वभाव कळत नाही.

आणि एक विनंती. मोबाईलमध्ये साठवलेली चित्रे यंत्राबरोबर जातात. जे चित्र मनासारखे उतरले ते कागदावर छापून घ्या आणि मागच्या बाजूला कुत्र्याचे नाव, अंदाजे वय, ठिकाण आणि तारीख न विसरता लिहून ठेवा.